डाग नव्हे, रंग

"ल्युकेमिया आहे," मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. माझी बायको विमल तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तिनेच विचारलं, "औषध हाय का याले?"

"प्रकारावर आहे. आधी तो शोधू."

महिनाभर ताप उतरत नव्हता, दंडावर निळे चट्टे उठत होते. जळगाव जामोदला मलेरियाच्या गोळ्या झाल्या, शेगावला रक्त तपासलं, तिथून आगगाडीने मुंबई. भाजीचा मळा भावावर टाकून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पेशींचं स्टेनिंग करू, म्हणजे डाग देऊ. मग लेझर टाकून पाहू. लेझर म्हणजे फार तीव्र प्रकाश." मी मोठ्या शहाण्यासारखा "हो, हो" म्हणालो.

थोड्या वेळाने पाहतो तर विमल पिशवी भरत होती. "चाला घरी. मले डाग नोका देऊ. त्यापरीस मेलेलं बरं."

आमच्याकडे पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली की तापल्या विळ्याने डागत. विमलला लहानपणी चौघींनी धरून डागलं होतं. तो वण मी पाहिलेला होता, तरी डॉक्टरांचा शब्द ऐकून मला त्याची आठवण झाली नाही. खरं सांगतो, लेझर अंगावर टाकतील असं मलाही वाटलं होतं. विचारायची लाज वाटली, एवढंच.

डॉक्टरांना बोलावून आणलं, विमलच्या वणाचं सांगितलं. ते दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. ते खाटेवरच बसले. "डाग नाही, रंग. तुमच्या अंगाला काही लावत नाही. फक्त रक्त घेतो. नळीत त्याला चमकणारा रंग लावतो. एकेक पेशी लेझरसमोरून जाते. जिला रंग चिकटला ती चमकते, मशीन ते टिपतं. त्यावरून प्रकार कळतो."

"मंग असं पयलेच काऊन नाई सांगतलं?" विमल म्हणाली आणि हात पुढे केला.

चार दिवस बाकावर बसून काढले. मग डॉक्टर म्हणाले, "औषधाला दाद देणारा प्रकार आहे." मी तिथेच रडलो. पुढे दोन वर्षं औषधांनी तिचे फार हाल केले, ते लपवत नाही. पण आजार हटला.

खाटेवर बसणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर न कळलेला शब्द विचारा. विमलच्या तपासणीला गेलो की मीही सरळ म्हणतो, "समजलं नाही साहेब, पुन्हा सांगा." लाज अजून वाटते. पण विमल शेजारी बसलेली असते.