यशवंतचा उजवा पाय

"मिस्त्री, जरा डिझेल वाढवा. गाडी घाटात दम सोडते," हरीभाऊ म्हणाले.

त्यांची जुनी पिकअप माझ्या दुकानासमोर उभी होती. हरीभाऊ घाटाखालच्या वैशाखऱ्याचे. भाताचा पेंढा भरून माळशेज घाट चढवायचा आणि येताना वरून भाजी आणायची, असा त्यांचा धंदा. गाडी यशवंत चालवायचा. त्यांच्याच गावचा, पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. गाडी नवी आली तेव्हापासून स्टिअरिंगवर तोच.

माझं मुरबाडला डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. हा पंप म्हणजे रस्त्यावर डिझेल भरायचा नव्हे, इंजिनाला बसवलेला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा, की ते पेटतं. फवारा केवढा, ते पंप ठरवतो. पंपावर एक स्क्रू असतो. तो फिरवला की डिझेल जास्त जातं, गाडी जोर धरते, काळा धूर ओकते आणि कधीतरी पिस्टन खाऊन टाकते. जुनी इंजिनं दणकट असतात, सोसतात थोडं, म्हणून सगळेच मागतात. मी तो स्क्रू फिरवत नाही. आधी दोष शोधायचा, हा माझा नियम. त्याचा मला माज होता.

पंप काढून टेस्ट बेंचवर लावला. बेंच म्हणजे पंप इंजिनाशिवाय फिरवून डिझेल मोजायचं मशीन. माप बरोबर. नोझलचा फवारा बरोबर. कॉम्प्रेशन, म्हणजे दाबलेल्या हवेचा जोर, तर एखाद्या तरण्या गाडीला लाजवेल असा. सगळं परत जोडलं आणि बॉनेटमध्ये हात घालून पंपाचा लिव्हर ओढला, ज्याला पेडलची तार जोडलेली असते तो. आम्ही मिस्त्री लोक इंजिन असंच रेस करतो. दर वेळी केबिनमध्ये चढून पेडल कोण दाबत बसणार? इंजिन असं गरजलं की समोरच्या टपरीवाल्याने मान बाहेर काढली.

मी हात पुसत टपरीवर गेलो. हरीभाऊ, यशवंत आणि चार-पाच ड्रायव्हर चहा पीत होते. मला ऐकणारे मिळाले की चेव येतो.

"हरीभाऊ, गाडीत ताकद आहे. माणसात राहिली नाय," मी म्हणालो. "याचा पाय पेडल दाबतच नाय. वय झालं."

सगळे हसले. यशवंत म्हणाला, "दाबतो मी. पुरता दाबतो."

"पुरता दाबला असता तर चढली असती."

त्याने खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मी दुसरा चहा सांगितला.

त्यानंतर हरीभाऊंनी त्याला गाडीवरून उतरवलं आणि पेंढा भरायच्या कामाला लावलं. गाडी स्वतः चालवायला लागले. मला हे कळलं ते काही आठवड्यांनी, गाडी पुन्हा माझ्या दारात आली तेव्हा.

"आता मीच चालवतो मिस्त्री, तरी चढत नाय," ते म्हणाले. "का माझा बी पाय गेला?"

हसायची वेळ होती, पण हसू येईना. मी किल्ली मागून घेतली. पेंढा भरलेलाच होता. हरीभाऊंना शेजारी बसवून गाडी थेट घाटाला लावली.

पहिल्या मोठ्या वळणापर्यंत बरं चाललं. मग चढ आला आणि गाडी मरगळली. गिअर खाली घेतला. पेडलवर उभा राहिलो म्हणा ना. मागून एसटीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. गाडी आपली मुंगीच्या पावलाने चाललेली. आता माझ्या पायाला कुणी नावं ठेवायची?

कडेला घेतली, बॉनेट उघडलं, हाताने लिव्हर ओढला. तीच गर्जना. मग पहिल्यांदाच डोकं चाललं. "हरीभाऊ, सीटवर बसून पेडल दाबा. पार तळाला लागेपर्यंत."

त्यांनी दाबलं. लिव्हर पुढे सरकला आणि मध्येच थांबला. पेडल पुरतं दाबलं की तो शेवटी एका अडवणीच्या स्क्रूला टेकायला हवा. चांगलं बोटभर अंतर राहिलं.

मी केबिनमध्ये वाकून पाहिलं. पेडलच्या खाली जाड काळं रबर, पेडल त्यालाच अडलेलं.

"ही कसली मॅट?"

"गोठ्यातली. गुरांच्या पायाखाली घालतो ती. तुकडा कापून टाकला," हरीभाऊ म्हणाले. "फ्लोर सडलाय ना. पावसात खालून पाणी उडायचं, यशवंतचे पाय भिजायचे. म्हनून मीच टाकली."

नव्या गाडीला स्कॅनर लावला की पेडल किती दाबलं गेलं तेसुद्धा स्क्रीनवर दिसतं. जुन्या गाडीत ते बघायला सीटवर बसावं लागतं. मी बसलो नव्हतो. बसलेल्या माणसाने सांगितलं, तर त्याला चार लोकांत खोटं पाडलं होतं.

मॅट ओढून काढली. गाडी तोच चढ गाणं म्हणत चढली. ती जितकी जोरात ओढत होती, तितकी माझी मान खाली जात होती. क्षणभर असंही वाटलं, सांगून टाकावं की पंपातच बारीक दोष होता. पण मॅट हरीभाऊंच्या मांडीवर होती.

परतताना वैशाखऱ्याला यशवंतच्या घरी उतरलो. तो ओट्यावर उजवा पाय लांब करून बसला होता. बायको गुडघ्याला तेल चोळत होती.

"बसा मिस्त्री," ती म्हणाली. "पायाला लय इलाज केले. शहापूरला डाक्टरला बी दाखवला. तो बोलला, काय नाय झालेलं."

"डाक्टरला काय म्हाईत?" यशवंत म्हणाला. "मिस्त्रींनी मशीनवर मोजून सांगितलं ना. गाडी बरोबर, म्हंजे पायच गेला."

एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. या माणसाने स्वतःच्या पायापेक्षा माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला होता.

मी मॅट दाखवली, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने मॅट हातात घेऊन उलटीपालटी केली.

"टपरीवर बोल्लेलात तुमी," तो म्हणाला. "तिथंच सांगा."

हरीभाऊंनी किल्ली त्याच्या हातात दिली. मुरबाडपर्यंत गाडी त्यानेच आणली. टपरीवर तेच ड्रायव्हर होते. मी उभा राहून सगळं बोललो. मॅट, पेडल, माझा बेंच, सगळं.

टपरीवाला ग्लास विसळत म्हणाला, "गाडीत ताकद होती, यशवंतदादात बी होती. मंग कमी कोनात होती, मिस्त्री?"

सगळे पुन्हा हसले. या वेळी मी खाली पाहत होतो.

यशवंत पुन्हा त्याच गाडीवर आहे. हरीभाऊंनी फ्लोरला पत्रा मारून घेतला. मी आता कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि ड्रायव्हरला बोलू देतो. मध्यंतरी यशवंतबरोबर घाट चढून गेलो. भरलेली गाडी झकास चढत होती. तरी चढ सुरू झाला की त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटतो आणि उजवा गुडघा चाचपून बघतो.