हेरळ्याला बहर, मला बंदी

आमच्या म्हैसूरच्या घरामागं हेरळ्याचं झाड होतं. लिंबाहून कितीतरी मोठं, खडबडीत सालीचं आंबट फळ. त्याचा भात आणि लोणचं आमच्याकडं घरोघरी होतं. झाड माझं होतं. म्हणजे आडाचं पाणी ओढून घालायचं मी, आळं उकरायचं मी, काटे टोचून घेत पानांवरच्या हिरव्या अळ्या वेचायच्या मी. आईला शिलाईच्या ब्लाउजांना काजं करण्यातून डोकं वर काढायला सवड नसे. आणि वडिलांची विधवा बहीण, माझी आत्या, नुसते हुकूम सोडायची.

पाळी आली की मी तीन दिवस मागच्या पडवीत, बाहेर. झाड चार हातांवर, पण शिवायचं नाही. बहरात तर माझी सावलीसुद्धा त्याच्यावर पडता कामा नये. एके वर्षी नेमके कळ्या धरताना ते दिवस आले. ऊन मी म्हणत होतं. "आत्या, घागरभर तरी पाणी ओत गं," मी पडवीतून ओरडत राहिले. "अय्यो, सुम्मने बस, गप्प राहा!" म्हणाली. कुणी थेंब घातला नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन बघते तर झाडाखाली कळ्यांचा सडा. आणि आत्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणते, "बघा, हिची सावली भोवली!"

माझं टाळकंच सरकलं. पाणी हिनं घातलं नाही आणि खापर माझ्या सावलीवर! देश स्वतंत्र झाला म्हणून शाळेत झेंडावंदन करायचं आणि घरी स्वतःच्याच सावलीला भ्यायचं!

पुढच्या वर्षी पुन्हा कळ्या आल्या, पुन्हा पाळी आली. या वेळी मी कुणाला सांगितलंच नाही. पाणी ओढलं, आळं भरलं, फांद्या हातानं बाजूला करून अळ्या वेचल्या. भीती वाटली? वाटली की! पण कळ्या जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी उमलल्या आणि सगळं परस वासानं भरून गेलं.

आत्यानं मला न विचारता एक झुबका तोडला, देवघरात विठोबाच्या पायांशी ठेवला आणि आईला म्हणाली, "यंदा बरं झालं, बहरात हिचे दिवस आले नाहीत. म्हणून टिकली फुलं."

मला राहवेना. "आत्या, आज माझा दुसरा दिवस आहे," मी म्हटलं. "कालपासून पाणी मीच घालतेय. हात लावून."

आईची सुई हातातच थांबली. आत्या पांढरीफटक पडली. "शिव शिव शिव" करत तिनं फुलं उचलायला हात पुढं केला.

"उचल की," मी म्हटलं. "पण आधी विठोबाला विचार, त्याला चाललंय का ते."

तिचा हात तसाच राहिला. फुलं उचलवेनात आणि ठेववेनातही. शेवटी पदरात तोंड झाकून ती माजघरात निघून गेली. फुलं रात्रीपर्यंत देवापाशीच होती. मी पडवीत गेले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही.