श्रीपतरावांची जीभ

सयाजीराव महाराजांच्या राज्यात बडोद्याला गोरे पाहुणे यायचे, त्यांच्यासाठी सरकारी बंगला होता. तिथल्या तळघरातली फ्रेंच वाइन श्रीपतरावांच्या ताब्यात असे. नुसत्या किल्ल्या सांभाळायचं काम नव्हतं हो ते! बाटली उघडून घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि आज ती कशाबरोबर मांडायची ते ठरवायचं. बोर्दोची तांबडी वाइन कोवळी असली की जांभळासारखी जीभ आखडते. तिला चरबीचं भाजलेलं मटण दिलं की ती मऊ होते. जुनी मुरलेली असेल तर तिच्यापुढे साधं भाजलेलं तितर पुरे. माशाबरोबर दिली तर पितळ चाटल्यासारखं लागतं. आणि मिरची? सगळा सत्यानाश! वाइन कडू होते आणि चाखणाऱ्याची जीभ कामातून जाते.

म्हणून नोकरी लागली त्याच दिवशी तिथल्या फ्रेंच आचाऱ्यानं श्रीपतरावांची मिरची आणि तंबाखू बंद केली. आजे-पणजे फौजेत तलवारी गाजवून गेलेले, आणि हा गडी घरी येऊन बायकोला म्हणाला, उद्यापासून बिनतिखट. अहल्या बरं म्हणाली. मिरची कुटली की ह्यांना शिंका येतात, म्हणून तिनं घरातून मिरचीच हद्दपार केली. नवरा उठला की बायकोनं त्याच्याच ताटात जेवायचं, अशी तेव्हाची रीत. साताऱ्याकडची ती पोर केस पिकेपर्यंत त्या ताटात तेच मिळमिळीत जेवली. आणि हे शहाणे समजत राहिले की हिलाही तिखट सोसत नाही! साहेबांच्या कुठल्या घासाला कुठला घोट लागतो ते ह्यांना तोंडपाठ. बायकोला काय आवडतं, एवढं एकदा विचारलं असतं तर ती जीभ झडली असती का?

मग अहल्येला क्षयानं धरलं. शेवटी वैद्यांनी पथ्य सोडलं, मागेल ते द्या म्हणाले. त्याचा अर्थ श्रीपतरावांना कळला. काय खावंसं वाटतं, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा ती लाजली.

"आई करायची तसा झणझणीत रस्सा."

श्रीपतराव स्वतः मटण आणि लाल मिरच्या घेऊन आले. शिंकत शिंकत मिरची कुटली, रस्सा उकळला आणि चाखला. टाळूला आग लागली, कानशिलं तापली. झाला झणझणीत, असं समजून त्यांनी पातेलं उतरवलं. अहल्येनं भाकरी कुस्करून दोन घास खाल्ले, अगदी आईसारखा झालाय म्हणाली आणि ताट बाजूला सारून पडून राहिली. श्रीपतरावांना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुपारी नागरवाड्यातून तिची धाकटी बहीण कौशल्या आली. श्रीपतरावांनी कौतुकानं तिलाही रस्सा वाढला. एक घास खाऊन ती थांबली.

"दाजी, ह्यात तिखट कुठंय? ताईला तर ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही."

 श्रीपतराव उठले, उरलेल्या सगळ्या मिरच्या कुटल्या आणि कौशल्या बास म्हणेपर्यंत रश्श्यात घालत गेले. वाटी घेऊन अहल्येपाशी बसले, तर तिला आता पाणीही गिळवत नव्हतं. तिनं वास तेवढा घेतला. वाटीत बुडालेली त्यांची बोटं तिनं धरली.

"तुम्ही नका खाऊ," ती पुटपुटली. "उद्या बंगल्यावर जायचंय ना."

श्रीपतरावांनी तिचं उष्टं ताट पुढं ओढलं. त्यात तो लालभडक रस्सा ओतला आणि भाकरी कुस्करून ते जेवायला लागले. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळत होतं, कौशल्या पुरे म्हणत होती, पण ते थांबेनात. अहल्या उशीवरून बघत राहिली. एवढ्या संसारात नवरा पहिल्यांदाच तिच्या ताटात जेवत होता.