फिलोमिना मॅडमची पेटी

फिलोमिना मॅडम माणसाला आधी हुंगायच्या, मग नमस्कार करायच्या. मूल व्हावं म्हणून सिल्व्हर पार्कच्या ज्या दवाखान्यात आम्ही नवरा-बायको काही वर्षं जात होतो, तिथल्या त्या भ्रूणतज्ज्ञ. दोघांची बीजं काचेच्या बशीत एकत्र आणायची आणि जे तयार होईल ते पोटाइतक्या उबेच्या पेटीत सांभाळायचं, हे त्यांचं काम. प्रयोगशाळेच्या दाराशी कोणी अत्तर, गजरा किंवा डोकेदुखीचा बाम लावून आलं की त्या हात आडवा करायच्या. "बाहेर बसा. पेटीत आहेत त्यांना कातडी न्हाय, दार लावून घ्यायची सोय न्हाय. खोलीत येईल ते सगळं त्यांच्यात जातं."

त्या उत्तनच्या. घरी अंगणात बोंबील वाळत असायचे, म्हणून दवाखान्यात पोचल्यावर बिनवासाच्या साबणाने पुन्हा आंघोळ. "माझ्या घरचा वास मला येत न्हाय ना, सगळ्यात जास्त भीती माझीच," म्हणून हसायच्या. एरवी फारसं हसू दिसायचं नाही. ठेंगण्या, पन्नाशीच्या, सदा दमलेल्या.

डॉक्टर "तुमचं बाळ" म्हणायचे. मॅडम कधीच नाही. त्या म्हणायच्या, "आज चार पेशी." एकदा मी विचारलं, नेहमी तिसऱ्या दिवशीच सगळं का अडतं? त्यांनी खुर्ची ओढली.

"सुरुवातीला ते स्वतःचं काही करत नसतं. आईच्या बीजातून जे बांधून आणलंय त्या शिदोरीवर चालतं. एकाचे दोन, दोनाचे चार. आठाच्या आसपास शिदोरी संपत येते. मग स्वतःची चूल पेटवावी लागते. पुष्कळांची पेटत न्हाय. ती थांबतात."

'थांबलं' हा त्यांचा शब्द. दवाखान्यातले बाकी सगळे 'फेल' म्हणायचे.

आमच्या दोन खेपा अशाच थांबल्या. तिसऱ्या खेपेला तीन भ्रूण तयार झाल्याचा फोन आला आणि सासूबाईंनी मला अंथरुणावर झोपवलं. जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही. घरातली पपई शेजाऱ्यांकडे गेली. मीही निमूट पडून राहिले. पडून राहिल्यावर काहीतरी करतोय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"काय करताय?"

"झोपलेय. आई म्हणतात हलायचं नाही."

त्या एवढ्या हसल्या की खोकला लागला. "अहो, ते इथं माझ्या पेटीत आहेत! तुम्ही भाईंदरला झोपून त्यांना काय कळणार? उठा. बरं वाटत असेल तर शाळेत जा. आणि पपई खा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेले. त्याच दिवशी तिन्ही भ्रूण थांबले.

दवाखान्याच्या बाकावर सासूबाई मोठ्याने बोलायला लागल्या. "मी सांगत होते. पण हिला नोकरी प्यारी. दोन दिवस कळ काढवली नाही." समोरच्या बायका खाली बघत होत्या. सुनील, माझा नवरा, "आई, पुरे," एवढंच म्हणाला. मला वाटलं, ही बाई आता जन्मभर हेच म्हणत राहील, आणि एक दिवस मलाही ते पटेल.

मॅडम टोपी न काढताच बाहेर आल्या.

"आजी, कुणाला बोलताय?"

"माझ्या सुनेला. तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार. ते तिच्या पोटात नव्हतंच. माझ्याकडे होतं. भांडायचंय तर माझ्याशी भांडा."

सासूबाई गोंधळल्या. "मग तुम्ही काय केलंत?"

"मी पण काय केलं न्हाय. रात्रंदिवस ऊब दिली, हवा दिली. कुणी काय चुकलं असेल तर मीच आधी सांगितलं असतं. या, दाखवते."

त्यांनी सासूबाईंना बाहेरच्या पडद्यावर तिघांतला शेवटी थांबलेला भ्रूण दाखवला. एकमेकांना चिकटलेले पारदर्शक गोल. सासूबाई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "एवढंच?" म्हणाल्या. मग अगदी हळू, "दिसतंय तर चांगलं."

"दिसायला चांगलंच हाय," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर चौथ्या खेपेबद्दल बोलत होते. मी मॅडमना विचारलं. "डॉक्टरांचं डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या. "मला विचारताय तर, मी तुमची बीजं तीनदा बघितलीत. चौथ्यांदा वेगळं दिसेल असं मला वाटत न्हाय. आणि तुम्ही फार दमलाय." चार वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही चौथी खेप केली नाही.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. आजाराचं त्यांनी दवाखान्यातही कुणाला कळू दिलं नव्हतं. उत्तनला दफनाला सासूबाई हट्टाने माझ्याबरोबर आल्या. चर्चमध्ये पुष्कळ बायका होत्या. काहींच्या कडेवर मुलं, काहींचे हात आमच्यासारखे रिकामे. रडताना मात्र त्यात काही फरक दिसत नव्हता.

परतताना बसथांब्यावर सासूबाई म्हणाल्या, "वैशाली, त्या बाईने तुला एकदा तरी खोटं सांगायला हवं होतं गं. तेवढीच आशा."

"खोटं सांगितलं असतं, आई, तर आज आपण दोघी एकमेकींशी बोलत नसतो."

बसला अजून वेळ होता. थोड्या वेळाने त्या सरकल्या, आणि मला सावलीत जागा करून दिली.