एका वाक्यात उत्तर

"थांब, मुळापासून सांगते," असं म्हणून मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. चष्मा खाली आला की आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातले लोक एकेक करून सटकायचे. मी नवी होते, त्यामुळे हमखास सापडायचे. पुढे जुनी झाले तरी सापडतच राहिले, कारण मला ते ऐकायला आवडायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. चहात साखर किती घालू, एवढंच विचारावं, तर उत्तराची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या मधुमेहापासून. मॅडम मूळच्या यवतमाळच्या, जयपूरच्या आमच्या कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवत होत्या. मी सांगलीची. विभागात मराठी अशा आम्ही दोघीच. त्यांच्या वऱ्हाडीत आता 'मतलब' आणि 'भैया' कायमचे मुक्कामाला आले होते. बनी पार्कातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी रविवारी जेवायला जायचे. पोळी करपायची, पण गोष्ट अर्धी राहायची नाही.

त्यांचं सगळं काम वाळवंटातल्या गवताच्या बियांवर. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने त्यांना पूर्वी एकदा बोलावलं होतं, पण तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. मॅडमनी नकार कळवला आणि पुढे बारा वर्षं वडिलांचं सगळं केलं. वडील गेले. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना पुन्हा बोलावणं आलं, नऊ महिन्यांसाठी.

"या वेळी राहिलं नं, तर राहिलंच," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं छोटं वाक्य.

एक्सचेंज व्हिजिटर व्हिसासाठी दिल्लीला मुलाखत द्यायची होती. शिकत असताना मी त्याच व्हिसावर वर्षभर जाऊन आले होते, म्हणून शिकवणी माझ्याकडे आली. खिडकीपुढे उभं राहायचं. दोन-तीन मिनिटांत पलीकडच्या अधिकाऱ्याला पटलं पाहिजे की तिथे काम काय, खर्च कोण करणार आणि माणूस परत का येणार.

प्रयोगशाळेच्या स्टोअरला सामान द्यायची एक खिडकी आहे. मी आत बसले, मॅडम फाइल छातीशी धरून बाहेर उभ्या राहिल्या. आमचे लॅब अटेंडंट कैलाशजी घड्याळ लावून शेजारी.

"तिकडे कशासाठी जाताय?" मी इंग्रजीत विचारलं. मॅडमनी चष्मा काढला. सात मिनिटं झाली तरी त्या जैसलमेरच्या अलीकडे एका गावात होत्या आणि जीपचं चाक पंक्चर होतं.

"मैडम, साहब तो सो जाएगा," कैलाशजी म्हणाले. सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या.

मी म्हटलं, "अहो मॅडम, शाळेच्या पेपरात असायचं ना, एका वाक्यात उत्तरे द्या? तसं."

"त्या प्रश्नाले एकच मार्क राहते."

"इथे त्या एकाच मार्कावर पास."

मग प्रश्न आला, घरी कोण कोण असतं. मॅडमनी वडिलांपासून सुरुवात केली. त्यांचा पक्षाघात, त्यांना भरवायचा चमचा, शेवटी शेवटी ते मॅडमना आई म्हणून हाक मारायचे ते. बोलता बोलता डोळे भरले. मी त्यांच्या कागदावर पेन्सिलने रेघ मारली.

"बाबाले कायले कापते?"

"ते तुम्हाला विचारलेलंच नाही."

"मतलब, विचारलं नाही तर सांगायचंच नाही?"

"नाही. जेवढं विचारलं तेवढंच."

त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं आणि चष्मा लावला. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "एकटीच असते, भाऊ यवतमाळला असतो, आणि इथली नोकरी कायमची आहे." सगळं खरं होतं. शिकवणारीला वाटावा तसा अभिमान मला वाटला.

तीन आठवड्यांत त्या तयार झाल्या. दिल्लीहून फोन आला, "झालं."

"काय काय विचारलं?"

"चार प्रश्न. चारही उत्तरं एका वाक्यात."

विभागात मीच मिठाई वाटली.

तिकडून दर रविवारी त्यांचा निरोप यायचा. काम छान चाललंय. थंडी फार आहे. तिसऱ्या महिन्यात आलं, "थकवा असतो, डॉक्टरांना दाखवलंय, काळजी नाही." पेपर तपासता तपासता मी ते वाचलं. मॅडम किती सुटसुटीत लिहायला लागल्या, असं माझ्या मनात आलं, आणि मी अंगठा पाठवून दिला. हे लिहितानाही मला शरम वाटते.

नऊ महिन्यांचं काम सहा महिन्यांत आटपलं. "काम लवकर झालं, भावाकडे थोडी विश्रांती घेते," असं त्यांनी कळवलं. ज्या बाईला चहाची गोष्ट वेळेत संपवता येत नव्हती, तिचं आयुष्यभराचं काम तीन महिने आधी कसं संपेल, हे मला तरी सुचायला हवं होतं. मी लिहिलं, "बरं झालं, आराम करा."

एप्रिलमध्ये त्यांच्या भावाचा फोन आला, मॅडम गेल्या. पोटाचा कर्करोग होता. तिकडे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात कळला होता.

खोल्या रिकाम्या करायला भाऊ जयपूरला आले. मॅडमपेक्षा लहान, साधा, भिडस्त माणूस. मी पुस्तकं बांधू लागले, तर म्हणाले, "राहू द्या जी. आधी बसा."

आम्ही बसलो.

"तिकडून आल्यावर ताई जास्त बोललीच नाही. विचारलं का म्हणे, बरी आहो. पहिले तर आमाले तिले थांबवा लागे. मले वाटलं, तुमच्यापाशी बोलत असन. ताई सांगे, जयपूरले एक पोरगी आहे, ती पुरं ऐकते."

मी हातातली सुतळी खाली ठेवली.

"शेवटी शेवटी काय काय बोलली ती, सांगा नं," ते म्हणाले. "मी आज कुठं जात नाही. सावकाश सांगा."

मी फोन उघडला आणि मॅडमचे शेवटचे तीन निरोप वाचून दाखवले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. भाऊ तसेच पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी पुढचं वाचेन म्हणून.