राहीबाईंची गादी आणि सुकन्याची हळद

माघात कशेळीत बातमी उठली, की राहीबाईंना बाहेरचं लागलंय. उजाडायच्या सुमाराला त्यांच्या घरातून आवाज येतात म्हणे. आधी कडकड, मग ‘हुंऽऽ’, मग ‘अगो आयेऽऽ’ आणि शेवटी धप्प. शेजारच्या चंद्राकाकूंनी तर गळ्याला हात लावून सांगितलं, “बाईमाणसाचा आवाज न्हाय तो. रेड्याचा हाय, रेड्याचा!”

तसं काही नव्हतं. कडकड व्हायची ती प्लास्टिकची. ‘हुं’ आणि ‘आये’ राहीबाईंचेच. आणि धप्प म्हणजे राहीबाई रोज सकाळी गादीतून बाहेर पडायच्या. उतरायच्या नाहीत, पडायच्या.

राहीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं, ते धवले गाणारी बाई. ती ओळ सांगणार, मागच्या बायका ती उचलणार, तेव्हा कुठे नवरीच्या अंगाला हळद लागणार. चाळीस वर्षं पाटावर मांडी घालून बसल्यावर कंबर कुरकुरणारच. राहीबाईंची कुरकुरली, आणि मुलाला, हितेशला, आईचा पुळका आला.

हितेश गोदामांना टेम्पो पुरवतो आणि बोलतो टेम्पोच्या हॉर्नसारखा. त्याने आईसाठी फूटभर जाड, लोण्यासारखी मऊ गादी आणली. आईला वर बसवलं, फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला: ‘आपली आई, आपली राणी.’ अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. वर त्याने सगळ्यांना दम भरला, “पलास्टिक कोन काढायचा न्हाय! मळली तर वारंटी गेली समजा.” ही वॉरंटीची भानगड त्याला कोणी सांगितली होती देव जाणे, पण प्लास्टिक राहिलं.

राहीबाई लहानपणी खाडीवर चिंबोऱ्या धरायला जायच्या. चिखलात पाय रुतला की जितकी धडपड करावी तितका माणूस खाली जातो, हे त्यांना पाठ होतं. आता तोच चिखल घरात, पलंगावर, फुलाफुलांच्या चादरीखाली येऊन पडला होता. पाठ टेकली की कंबर तळाला जायची, पाय नि डोकं वर. कूस बदलायची तर खड्ड्यातून चढण चढायची. आणि चढायला लागलं की कडकड, कडकड! लगेच पलीकडच्या खोलीतून हॉर्न, “आये, काय झाला?”

“काय न्हाय रं, झोप.”

म्हणून त्या हलायच्याच नाहीत. पाठीखाली घाम, कमरेत कळ, आणि वर पंख्याच्या पात्यांकडे बघत पहाटेची वाट. खाली फरशीवर चटई टाकून बघितली, तर खुबा आणि खांदा ठणकायला लागले. शिवाय सून विनिताने पाहिलं आणि घाबरून म्हणाली, “आई, ह्यांना कळलं तर ह्यांना काय वाटेल? सगळ्यांना सांगून बसलेत.” झालं. राहीबाई पुन्हा खड्ड्यात.

खरं बोलावं तर मुलाची मान खाली जाणार. गप्प बसावं तर स्वतःची मान वर होत नाही. आणि वैशाखात सुकन्याची हळद होती. सुकन्या त्यांच्या भावाची मुलगी. तिच्या आईच्या लग्नातही धवले राहीबाईंनीच गायलेले. फाल्गुनात भावजय सुकट घेऊन आली आणि लाडीगोडीने म्हणाली, “वन्स, तुम्ही आपल्या खुर्चीत बसा वो. गायला दुसरी बाय बोलवू. तुमचे हाल कशाला?”

राहीबाईंनी सुकटीची पिशवी तिच्या हातातून घेतली. उठून आत जायचं होतं, पण उठताच येईना. भावजय जाईपर्यंत त्या तशाच हसत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हितेश त्यांना टेम्पोत घालून धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथे बाकड्यावर यंत्रमागावर काम करणारे लूमवाले, त्यांच्या बायका, एक रडणारं पोर, बाहेर रिक्षांची बोंबाबोंब. दीड तासाने नंबर लागला. बाईंनी राहीबाईंना तपासायच्या टेबलावर झोपवलं. साधंच टेबल, लाकडी फळी आणि वर दोन बोटांची रेक्झिनची गादी. पाय उचलून बघितले, कंबर दाबून बघितली, मग हितेशला विचारलं, “सोती किस पे हैं?”

“एकदम टॉपवाली गादी हाय, डॉक्टर. हे बघा.” हितेशने मोबाइल काढला. फोटो मोठा करून दाखवला, कोपऱ्यातले टाके सुद्धा.

“त्या झोपतात कशा त्यावर?”

“राणीसारख्या. विचारा की. आये, सांग डॉक्टरांना.”

आये सांगेना. दोघांनी वळून बघितलं. राहीबाई त्या टेबलावर कुशीला वळल्या होत्या, हात उशाला, तोंड उघडं, आणि घोरत होत्या.

“आये!” हितेशने हॉर्न दिला. राहीबाई नाहीत, बाहेरचं पोर तेवढं दचकलं. दारातून एका लूमवाल्याने डोकं घातलं, “अरे मॅडम, अम्मा को सुलाने का नंबर अलग लगाओ ना! हमारी शिफ्ट है!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “किती दिवस झोपल्या नाहीत ह्या?” त्यांनी विचारलं. हितेशला ते माहीतच नव्हतं.

मग त्यांनी त्याला समजावलं. झोपेत पाठीचे स्नायू सैल पडतात, तेवढा वेळ तरी मणक्याला खालून टेकू हवा. फार मऊ गादीत कंबर बुडते आणि पाठ रात्रभर वाकलेली राहते. नुसत्या फरशीवर खुबा दाबला जातो आणि कमरेखाली पोकळी. कुशीवर झोपल्यावर खांदा नि खुबा थोडे रुतावेत, बाकी अंग टेकलेलं असावं आणि मणका एका रेषेत राहावा, अशी मधली गादी बघा. “और वो प्लास्टिक आजच काढा. गादी म्हणजे औषध नाही हां. रोज चालायचं, सांगते तो व्यायाम करायचा. पण झोपच लागली नाही तर दुखणं दुप्पट वाटणार.”

टेम्पोत हितेश पहिल्यांदाच हळू बोलला. “आये, बोलली का न्हाय?”

“तू सगल्या भावकीला फोटो दावलास रं,” राहीबाई म्हणाल्या. “मंग मी कोनाला बोलू?”

नवी गादी घ्यायला मात्र त्या स्वतः गेल्या. दुकानात चप्पल काढून एकेका गादीवर पंधरा-पंधरा मिनिटं कुशीला पडल्या. दुकानदार म्हणत होता, “अम्मा, हाथ से दबा के देखो ना.” राहीबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, “हातावर झोपू का?” शेवटी खाली काथ्याची कडक आणि वर चार बोटं मऊ, अशी एक पसंत पडली. घरी आल्या आल्या विनिताने कात्रीने प्लास्टिक टराटरा फाडलं.

पहिले चार दिवस शिव्या. “दगड आनलाय घरी.” पाचव्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. मग सकाळचं आखडणं कमी होत गेलं. उठायला अर्धा तास लागायचा, तिथे चहा उकळेपर्यंत त्या दारात दिसायला लागल्या, आणि पुढे खाडीच्या रस्त्याने चालताना गुणगुणायलाही लागल्या. पूर्ण बरी झाली नाही कंबर, झोप मात्र पुरी व्हायला लागली. त्यांनी भावजयीला निरोप धाडला: गाणार मीच, पाटावर बसून.

मी गावातलीच, राहीबाईंच्या आवाजाची नक्कल करून बायकांना हसवणारी. हळदीच्या सकाळी मांडवात मी त्यांच्याच आवाजात त्यांना विचारलं, “राहीआत्या, खुर्ची आणून ठेवू मागं?”

“हलद पुरी होईपर्यंत बसेन नि कोनाचा हात न धरता उठेन. लावतेस पैज?”

“लावली.”

“हरलीस तं यंदाच्या सगल्या हलदींना माज्या मागं बसून ओल उचलायची. माज्या आवाजात न्हाय हां, नकलाकार. तुज्या.”

चार तास त्या गात होत्या. हळद पुरी झाली, सुकन्या पिवळीजर्द झाली. राहीबाईंनी एक पाय पुढे घेतला, गुडघ्यावर हात रोवला, आणि मांडवभर बायका श्वास रोखून बघत असताना उभ्या राहिल्या. हितेशचा पुढे आलेला हात त्यांनी बाजूला सारला.

पुढच्याच आठवड्यात पिंपळास गावात हळद होती. मी त्यांच्या मागे बसले, तोंड उघडलं, आणि निघाला तो आवाज मलाच ओळखू येईना. राहीबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. “वर उचल, वर,” म्हणाल्या आणि पुढची ओळ सांगितली.