सड्याखालची झर

माघातल्या त्या सकाळी काजूच्या मोहोराचा दरवळ पेडण्याच्या सड्यावर मंद पसरला होता, आणि सौर पट्ट्यांच्या रांगांमधून चालताना मला स्वतःच्या कामाचा थोडा गर्वच वाटत होता. साखळी गावातल्या माझ्या छोट्याशा कार्यालयात मी इथे होणाऱ्या रिसॉर्टचा आराखडा काढला होता: वातावरणात जेवढा कार्बन सोडायचा तेवढा इथेच भरून काढायचा, गोळाबेरीज शून्य. जांभ्या दगडाचा तो उघडा माळ मला पट्ट्यांसाठी आयताच मिळाला. पाया पक्का बसावा म्हणून आम्ही दगडातल्या भेगा सिमेंटने बुजवल्या, आणि एकही झाड तोडलं नाही याचं समाधान मानलं.

माहितीपत्रकात गावच्या बारमाही झरीचं छायाचित्र हवं, असं मालक म्हणाले, म्हणून मी प्रथमच सड्याची उतरण उतरले. खाली पोफळीच्या बागेत, बागेच्या मालकीण सुमतीकाकी पिवळी पडलेली झावळं ओढत होत्या.

"काकी, झर कुठे आहे?"

"हीच ती." त्यांनी पायाशी बोट दाखवलं. शेवाळाची वाळलेली खपली, आणि तिच्याखाली कोरडा दगड.

"सड्याचा पाणी भेगांतसून हंय झिरपता, बाय. वर ते काळे आरसे बसले, आणि झर आटली. त्यो भेगो कोणी बुजवल्यानी, ठावक आसा तुका?"

कानांत दडे बसावेत तसं सगळं एकाएकी दूर गेलं. पाखरांचा आवाज, वारा, माझं शिक्षण. "मी," एवढंच तोंडून निघालं. त्या रागावल्या नाहीत; वाकून पुन्हा झावळं ओढू लागल्या, आणि ते मला सोसवेना.

त्याच दुपारी मी मालकांना पट्ट्या काढायला सांगितलं. "मग आपलं शून्य कुठे उरलं?" ते चक्रावून म्हणाले. पुष्कळ वाद झाल्यावर झरीच्या माथ्यावरच्या दोन रांगा हलवून तिथल्या भेगा उघडायला ते राजी झाले.

ते सांगायला मी पुन्हा खाली गेले. काकींनी ओट्यावर बसवून गूळपाणी पुढे केलं. "टँकराचा आसा, जरा वास येता," त्या संकोचून म्हणाल्या, आणि मग अगदी सहज विचारलं, "भेगो उघडल्यो, तर पाणी परत येतला?"

मला ठाऊक नव्हतं. पाणी हरवलेली वाट पुन्हा शोधतं का, हा प्रश्न आराखडा काढताना माझ्या मनाला शिवलाही नव्हता.